25 डॉलरचं फुकट कूपन आणि आमची घरपट्टी

बस 8:15 ची होती आणि 8:15 लाच सुटली. याचा एक तारा आत्ताच देऊन टाकते. पुढे द्यायला किती उरतील सांगता येत नाही.

सहल अशी होती. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावातून अटलांटिक सिटी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, माणशी 40 डॉलर. तिथे उतरलं की कॅसिनोकडून मशीनवर खेळायला 25 डॉलरचं कूपन आणि खायला 10 डॉलरचं कूपन. म्हणजे 5 डॉलरमध्ये समुद्र, असं आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या ग्रुपवर पडलं आणि तासाभरात 13 नावं आली. माझं सातवं. आठवं आमच्या ह्यांचं, 'तू चाललीस म्हणून' अशी टीप जोडून. कॅसिनोचं नाव इथे लिहीत नाही. त्या गावात आज नऊ कॅसिनो आहेत, आणि एकदा आत शिरलं की गालिच्याची नक्षी सोडून कुठला कुठला हे मला तरी ओळखता येत नाही.

माझी ओळख एवढीच: लग्नाआधी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात सहा वर्षं होते, इकडे आल्यावर 27 वर्षं लोकांची पगारपत्रकं केली. 'फुकट' हा शब्द दिसला की ती रक्कम कुणाच्या नावे टाकली आहे ते सापडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. हे परीक्षण त्यामुळेच लांबलंय.

बस स्वच्छ. मागच्या संडासाचं दार आतून ओढून धरावं लागत होतं, पण वास नव्हता, आणि आमच्या वयाच्या प्रवाशांना याहून मोठी चैन नको असते. एसी मात्र इतका की जळगावच्या मावशींनी शाल डोक्यावरून घेतली. गार्डन स्टेट पार्कवेने दोन तास नीट दक्षिणेला. मावशींच्या कळण्याच्या भाकऱ्या, माझं सांगलीचं भडंग, कुणाच्या तरी गुळपापडीच्या वड्या. 9 वाजेपर्यंत बसला लग्नाच्या वऱ्हाडाचा वास यायला लागला. ड्रायव्हरने एकदाच माइक हातात घेतला: कॅसिनोत सहा तास थांबायचं, 4:30 ला बस निघणार, मागे राहिलात तर तुमचं तुम्ही बघा. गडी चोख होता. उतरताना माणशी दोन डॉलर हातावर ठेवायची पद्धत आहे, जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. हिशेबात धरा.

शेवटचा टप्पा मला दर वेळी आवडतो. दोन्ही बाजूंना खाजणाची जमीन, गवत, त्यात एका पायावर उभे बगळे, आणि समोर अचानक चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारतींची एक ओळ. एखाद्याने शेताच्या बांधावर कपाटं आणून उभी करावीत तशी.

आत गेल्यावर कूपन सरळ हातात मिळत नाही. आधी सभासद कार्ड काढायचं. त्यासाठी रांग, 35 मिनिटं, बसायला एकही खुर्ची नाही. 13 म्हाताऱ्यांना बसने आणता आणि उभं करता, याचा अर्धा तारा मी कापते. काउंटरवरची मुलगी मात्र गोड होती. माझं आडनाव तिने तीनदा विचारून घेतलं आणि चौथ्यांदा बरोबर उच्चारलं. कार्डाला स्प्रिंगची दोरी असते, ती गळ्यात किंवा कमरेला अडकवायची आणि दुसरं टोक मशीनमध्ये खुपसायचं. आमच्या ह्यांना गावाकडचं दावं आठवलं. तेवढ्यावरून त्यांनी कार्ड घेतलंच नाही, म्हणजे 25 डॉलरही घेतले नाहीत, आणि आपल्या नावची भडंगाची पिशवी घेऊन बाहेर समुद्राकडे गेले.

25 डॉलरचं गणित सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. ते पैसे नोटा म्हणून बाहेर येत नाहीत. एकदा मशीनमधून फिरवावे लागतात. फिरवताना जे जिंकाल तेवढंच तुमचं. न्यू जर्सीच्या नियमानुसार मशीनने आत गेलेल्या 100 पैकी निदान 83 खेळणाऱ्यांना परत द्यायला हवेत. सगळे मिळून, पुष्कळ काळात; तुम्हाला, आज, असं नव्हे. मी शांत जागेतलं एक मशीन बघून एक-एक डॉलर 25 वेळा फिरवला. घंटा वाजल्या, रेडे पळाले, दिवे लागले, आणि शेवटी 17 डॉलर 40 सेंटची चिठ्ठी बाहेर आली. कार्ड काढलं, उठले. पूर्ण वेळ 11 मिनिटं.

शेजारी मावशी होत्या. त्यांचे 25 सहा मिनिटांत संपले. मग त्यांनी पर्समधून 20 ची नोट काढली. मग अजून एक. "अगं, आता लागायच्या बेतात आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता तिसरी सरकवली. फुकट 25 कुणाच्या नावे पडतात त्याचा पहिला पत्ता मला तिथेच लागला.

हवेबद्दल. 2006 मध्ये न्यू जर्सीने बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी केली, पण कायद्यातून कॅसिनो वगळले. आजही हॉलच्या काही भागात ओढता येते, आणि धुराला भाग कळत नाही. पत्ते वाटणारे कामगार कित्येक वर्षं ही सूट काढा म्हणून राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला, खेटे घालतायत. दमा असेल त्याने जाऊ नये. माझ्या साडीचा पदर (हो, साडी; मंडळात तसं ठरलं होतं) घरी येऊन दोनदा धुवावा लागला.

जेवण: 10 डॉलरच्या कूपनात पिझ्झाचा एक तुकडा आणि पाणी. विषय संपला.

बाहेरचा बोर्डवॉक हीच खरी सहल. लाकडी फळ्यांचा हा रस्ता 1870 मध्ये घातला. लोकांच्या पायांबरोबर वाळू हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि रेल्वेच्या डब्यांत येत होती, तिच्यावर उपाय म्हणून. आज मैलोनमैल आहे. मी यावर नऊवारीत चाललेली आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथेच, अटलांटिक सिटीच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं होतं, आणि तेव्हा तिन्हीसांजेला या फळ्यांवर नथी आणि पैठण्या बघून खुर्चीगाडी ढकलणारी पोरं थांबून फोटो काढत होती. तेव्हा गाव किती छान वाटलं होतं. या वेळी ऑक्टोबरचा मंगळवार होता. दुकानं निम्मी बंद, वारा गार, आणि जरा नीट बघितलं की मध्येच दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा. एक तर 2021 मध्ये सुरुंग लावून पाडलेल्या ट्रम्प प्लाझाची. उत्तरेच्या टोकाला निळ्या काचेची अवाढव्य इमारत दिसते, तीही कॅसिनोचीच. तिचं आज नाव ओशन. जन्मनाव रेव्हेल.

रेव्हेलबद्दल जरा थांबायला हवं, कारण माझं साखर कारखान्यातलं सगळं शिक्षण तिथे कामी येतं. इमारतीला सुमारे 240 कोटी डॉलर लागले. मध्येच पैसे संपले आणि अर्धवट सांगाडा उभा राहिला. 2011 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांच्या सरकारने 26.1 कोटी डॉलरपर्यंतची करसवलत मंजूर केली: चालू करा, पुढे भरलेल्या करातून इतके परत देऊ. 2012 मध्ये चालू झालं. 2014 च्या सप्टेंबरात कुलूप. नफ्याचं तोंड एकदाही पाहिलं नाही. 2015 मध्ये ती 240 कोटींची इमारत 8.2 कोटींना विकली गेली. थकहमी, आजारी कारखाना, अवसायक, लिलाव. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं गाव कृष्णा-वारणेच्या काठी असेल तर त्यांना इंग्रजी शब्द शिकायचीही गरज नाही. फक्त इथे उसाऐवजी म्हातारी माणसं बसने आणून टाकतात. त्या एका वर्षात, 2014 मध्ये, या गावातले 12 पैकी 4 कॅसिनो बंद पडले.

आमचे हे एका बाकावर सापडले. शेजारी गावातल्याच एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. कॅसिनोच्या हॉटेलात त्यांनी तीस वर्षं चादरी बदलल्या होत्या. भडंग त्यांना तिखट लागलं पण पिशवी त्यांनी सोडली नाही. मी सहज विचारलं, इथे फळं कुठे मिळतील? त्या हसल्या. पूल ओलांडून बाहेर जावं लागतं, बसने. 38 हजार वस्तीच्या या गावात कित्येक वर्षं मोठं भाजी-किराण्याचं दुकान नाही. 2021 मध्ये एकाचं थाटात भूमिपूजन झालं, फावडी घेऊन फोटो निघाले, सरकारी प्राधिकरणाने पैसे द्यायचं कबूल केलं, आणि दुकान काही झालं नाही. त्यांचं छोटं घर आहे. 2013-14 साली कॅसिनोंचं मूल्यांकन, म्हणजे ज्या किमतीवर घरपट्टी बसते ती, कोसळलं तेव्हा कर भरायला मागे उरले ते घरवाले, असं त्या म्हणाल्या. "आम्हाला उचलून दुसरीकडे नेता येत नाही ना," एवढंच पुढे. आवाज न चढवता.

घरी आल्यावर मी कपाटातली फाइल काढली. फाइलवर 'घरपट्टी' असं मराठीत लिहिलेलं आहे, त्यामुळे मुलं तिला हात लावत नाहीत.

मुळातलं वचन असं होतं. 1974 मध्ये राज्यभर कॅसिनो काढायचा प्रस्ताव न्यू जर्सीच्या मतदारांनी फेटाळला. 1976 मध्ये तोच विषय फक्त अटलांटिक सिटीपुरता परत आला, आणि या वेळी त्याला एक गोड वेष्टन होतं: कॅसिनोच्या कराचा पैसा ज्येष्ठ आणि अपंग रहिवाशांची घरपट्टी, भाडं, टेलिफोन, गॅस, वीज यांचा भार हलका करायला वापरायचा. हे राज्यघटनेतच घातलं. लोकांनी मत दिलं, 1978 च्या मे महिन्यात पहिला कॅसिनो उघडला, आणि त्याच्या दारात रांगा लागल्या. खेळातल्या उत्पन्नावर 8 टक्के कर बसला, तो त्या निधीत जातो. निधी खरा आहे. म्हाताऱ्यांच्या औषधांना, डॉक्टरकडे नेणाऱ्या गाड्यांना त्यातून पैसे जातात. आमच्या गल्लीतल्या एका काकांची औषधं त्यातून येतात, ते मी नाकारणार नाही.

म्हणजे बघा, मी त्या कॅसिनोत गिऱ्हाईक म्हणून गेले, पण घटनेप्रमाणे मी तिथली लाभार्थी आहे. भागधारकच म्हणा. भागधारकाने ताळेबंद बघितला तर कुणी रागावू नये.

ताळेबंदात 2016 चं पान महत्त्वाचं. त्याआधी काय झालं, तर पडलेल्या बाजाराचा दाखला देऊन कॅसिनो आपापल्या मूल्यांकनाविरुद्ध अपिलात गेले आणि जिंकले. कायद्याने तो त्यांचा हक्कच होता. एकट्या बोर्गाटा कॅसिनोचं गावाकडे सुमारे 16.5 कोटी डॉलर येणं निघालं. शेवटी 2017 मध्ये 7.2 कोटींवर तडजोड झाली. गाव दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर, 2016 च्या नोव्हेंबरात राज्याने कारभार हाती घेतला. त्याच वर्षी कायदा झाला: कॅसिनोंनी घरपट्टी भरायचीच नाही. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून ठरावीक रक्कम द्यायची, सुरुवात वर्षाला 12 कोटी डॉलर, दहा वर्षं, धंदा वाढला तर रक्कम वाढणार. बदल्यात अपिलं बंद. मी हिशेबनीस म्हणून सांगते, हा करार कागदावर मूर्खपणाचा नव्हता. गावाला दर वर्षी किती येणार ते आधी कळलं, आणि परतफेडीचं भूत उतरलं.

पण 'धंदा वाढला तर' हे शब्द होते ना, तिथे पेच आला. धंदा वाढला. माणसं हॉलमध्ये येण्याऐवजी घरी सोफ्यावर बसून फोनवर खेळायला लागली, खेळांवर पैजा लावायला लागली, आणि ते उत्पन्नही मोजणीत यायला लागलं. 2021 च्या डिसेंबरात विधिमंडळाने दुरुस्ती केली: ऑनलाइनचं आणि पैजांचं उत्पन्न मोजणीतून वगळा. त्यामुळे 2022 साली जिथे सुमारे 16.5 कोटी यायचे तिथे 11 कोटी ठरले. दुरुस्ती नाही केली तर चार कॅसिनो बंद पडतील, असं राज्याच्या सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांचं म्हणणं होतं. (हे गृहस्थ महिन्यापूर्वीच एका ट्रकड्रायव्हरकडून निवडणूक हरले होते, पण मुदत संपली नव्हती.) कॅसिनोंची बाजूही लिहिते: ऑनलाइनच्या पैशातला मोठा वाटा अॅप चालवणाऱ्या कंपन्या नेतात, आमच्या हाती थोडंच राहतं, तर सगळ्यावर आम्ही का भरायचं? यात तथ्य आहे. पण माझ्या पगाराचाही मोठा वाटा मुलांच्या शिकवण्या नेत होत्या, आणि माझ्या घराचं मूल्यांकन करताना कुणी तो वजा केला नाही.

दुरुस्तीला कोर्टात आव्हान दिलं गेलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये, आमचं अधिवेशन उरकून दोन-अडीच आठवडे झाले असतील, न्यायाधीश मायकेल ब्ली यांनी निकाल दिला की ही सवलत सार्वजनिक हितासाठी नसून कॅसिनो उद्योगाला हात देण्यासाठी आहे. आम्ही तेव्हा कुणाच्या मोदकात मीठ कमी होतं यावर ग्रुपवर भांडत होतो. ही बातमी आमच्यापैकी एकानेही टाकली नाही. मीसुद्धा. राज्य सरकार अपिलात गेलं. दहा वर्षांची मुदत 2026 ला संपते, म्हणजे हा विषय परत येणार, आणि या वेळी न्यूयॉर्कच्या हद्दीत येऊ घातलेल्या नव्या कॅसिनोंची भीती दाखवली जाईल. ती भीतीही खोटी नाही. आजारी कारखान्याची भीती कधीच पूर्ण खोटी नसते, म्हणून तर ती चालते.

2024 मध्ये न्यू जर्सीत जुगाराचं एकूण उत्पन्न 630 कोटी डॉलर झालं. त्यातलं हॉलमधलं, म्हणजे मावशींचं, 282 कोटी. ऑनलाइन कॅसिनोचं 239 कोटी. 2025 च्या जुलैपासून ऑनलाइनवरचा राज्याचा कर 19.75 टक्के केला, हे बरं झालं. पण तो राज्याचा. घरपट्टीच्या जागी द्यायच्या रकमेच्या मोजणीत ऑनलाइन अजूनही नाही.

आता उजवीकडचं पान, म्हणजे आमचं. न्यू जर्सीची सरासरी घरपट्टी 2024 मध्ये पहिल्यांदा 10 हजार डॉलरच्या वर गेली. आमची 11,640. घर 1994 मधलं, तीन खोल्या वर, तळघरात पाणी येतं. तीन वर्षांपूर्वी मीही अपील केलं होतं. 1 एप्रिलच्या आत अर्ज, शेजारच्या घरांच्या विक्रीचे आकडे, फोटो, प्रती. फी 25 डॉलर. (हो. तेवढेच.) नियम असा की गावातल्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा तुमचं मूल्यांकन 15 टक्क्यांहून जास्त चढं निघालं तरच ते हात लावतात. माझ्या आकडेमोडीने ते 11 टक्के निघत होतं, आणि त्यांच्या आकडेमोडीनेही. सुनावणी पाच मिनिटं. बाई सभ्य होत्या. पाण्याने भिजलेल्या तळघराचा फोटो त्यांनी बघितला आणि छान आलाय म्हणाल्या.

सवलत मिळते, खोटं का बोला. अँकर नावाच्या योजनेतून दीड लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरमालकाला 1,500, आणि 65 च्या पुढे असाल तर वर 250. आम्हाला 1,750 येतात. 2026 पासून 'स्टे एनजे' आहे; 65 च्या पुढच्यांना घरपट्टीच्या निम्म्यापर्यंत, कमाल 6,500, आणि त्यात आधीच्या सवलती धरलेल्या. घरपट्टी-सवलतीच्या अशा तीन योजनांचा आता एकच अर्ज झालाय, तो मी मंडळातल्या नऊ जणांना भरून दिला, चहावर. चांगली योजना आहे. फक्त पैसा कुठून येतो ते बघा. घरपट्टी-सवलतीचा मोठा निधी राज्याच्या आयकरातून भरतो. तो आयकरही 1976 चाच, आणि तोही घरपट्टी कमी करायलाच, हेही घटनेतच. म्हणजे आमच्या मुलाच्या पगारातून कापलेला पैसा ट्रेंटनला प्रदक्षिणा घालून मला सवलत म्हणून येतो, मी त्याला वाढदिवसाला पाकिटात घालून देते, आणि तो म्हणतो, आई, कशाला.

1976 साली आपल्याकडेही काहीतरी शिजलं होतं. महाराष्ट्राने त्याच साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. अंमलात कधीच आणला नाही. 47 वर्षं कपाटात ठेवून 2023 मध्ये तो रद्द करायचं ठरलं. गोव्यात, पणजी शहरात राहणारा माझा भाचा म्हणतो, तुम्ही कायदा केलात आणि कॅसिनोच्या बोटी आम्हाला आल्या. मांडवीतल्या त्या बोटींना हलवायची मुदत इतक्यांदा वाढली की त्याच्या मुलीला वाटतं त्या नदीच्याच आहेत.

असो, सहलीकडे येते. परतीचं राहिलं.

4 वाजता मी 17.40 ची चिठ्ठी घेऊन पैसे देणाऱ्या मशीनपाशी गेले. त्याने 17 डॉलर दिले आणि 40 सेंटची नवी चिठ्ठी बाहेर काढली. चिल्लर हवी असेल तर खिडकीवर जा, असं पडद्यावर आलं. खिडकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, धुराच्या बाजूने. जमिनीवर बघितलं तर अशाच चिठ्ठ्या पडलेल्या: 12 सेंट, 35 सेंट, 8 सेंट. कोण जाणार त्यासाठी रांगेत? मी गेले. पुढे सात माणसं. मावशी म्हणाल्या, अगं सोड, मीच देते तुला 40 सेंट. त्यांचे स्वतःचे 80 गेले होते, बसमध्ये सांगताना त्या 20 म्हणाल्या.

तारे: बसला पूर्ण, बोर्डवॉकला पूर्ण, काउंटरवरच्या मुलीला पूर्ण. रांगेला, धुराला, पिझ्झाला काही नाही. सरासरी काढली तर पाचात अडीच. जायचं असेल तर शाल, डबा आणि घरचं पाणी न्या, सोबत 25 च्या वर रोकड नेऊ नका, आणि सहापैकी पाच तास बाहेर काढा.

खिडकीपाशी पोहोचले तेव्हा 4:22 झाले होते. आतल्या माणसाने चिठ्ठी उलटून-पालटून बघितली, मग माझ्याकडे, मग साडीकडे. एक क्वार्टर, एक डाइम, एक निकल. "एवढंच?" त्याने विचारलं. मी पावती मागितली. पावती मिळत नाही म्हणाला. बाहेरून आमच्या बसचा हॉर्न ऐकू आला, आणि दारात हे उभे, एका हातात रिकामी भडंगाची पिशवी, दुसऱ्या हाताने मला घाई करत.